मागची करपली, पुढची फिकी: घरच्या ओव्हनचं निदान

एकाच ट्रेमधल्या नानकटाया. मागच्या ओळीतल्यांचे तळ कॉफीच्या रंगावर गेलेले, मधल्या हव्या तशा बदामी, आणि दाराजवळच्या इतक्या फिक्या की बोटानं दाबलं तर खड्डा पडावा. गेल्या दिवाळीच्या तोंडावर आमच्याकडे सलग चार घाणे असे निघाले. चौथा ट्रे ओट्यावर ठेवत ही म्हणाली, "अहो, उभा जन्म कारखान्यातल्या भट्ट्यांचे काटे जुळवलेत ना? मग घरातला हा एक डबा जुळवून द्या."

बोलणं झोंबलं, कारण खरं होतं. नाशिकमधल्या सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत मी तीस वर्षं इन्स्ट्रुमेंटच्या कामात काढली. तिथे भट्टी कितीही भारी असो, पॅनेलवरच्या आकड्यावर कुणी डोळे मिटून भरवसा ठेवत नाही. आठ कोपऱ्यांत आठ आणि मधोमध एक असे नऊ थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणाऱ्या तारा, टांगायचे, भट्टी चढवायची, कुठला कोपरा गरम आणि कुठला गार ते कागदावर उतरवायचं, मगच माल आत. घरी मात्र २८ लिटरच्या ओटीजीच्या (ओव्हन-टोस्टर-ग्रिलच्या) नॉबवर १८० छापलंय म्हणजे आत १८० असणारच, असं मी सहा वर्षं धरून चाललो होतो. बिघडलं की "तूप जास्त झालं असेल", "रवा जाड होता का?" असले शेरे मारायचो. ते सगळे शेरे इथे परत घेतो.

पुढचे पंधरा दिवस आम्ही दोघांनी जे करून पाहिलं ते लिहितोय. नवा ओव्हन घ्यावा लागला नाही.

आधी तक्रार नीट मांडायला हवी. "ओव्हन नीट भाजत नाही" या एका वाक्यात तीन वेगळ्या तक्रारी लपलेल्या असतात. एकाच ट्रेमध्ये मागेपुढे फरक पडतो, ही एक. पहिला घाणा करपतो आणि तिसरा फिका राहतो, ही दुसरी. दुपारी छान होतं आणि संध्याकाळी तेच प्रमाण फसतं, ही तिसरी. तिन्हींची कारणं वेगळी, उपायही वेगळे. आमच्याकडे तिन्ही एकदम मुक्कामाला होत्या, त्यामुळे एक निस्तरली की दुसरी डोकं वर काढायची आणि वाटायचं, काहीच सुधारत नाहीये.

पाच मिनिटांत उरकणाऱ्या तपासण्या

तापमानाचा नॉब पूर्ण उलटा फिरवून बंदवर आणा. त्याची खूण छापलेल्या रेषेवर येते का? नॉबच्या आतलं प्लास्टिक चिरलं की तो दांड्यावर थोडा सरकतो, आणि मग १८० म्हणून लावलेला आकडा खरं तर १६० किंवा २०० असतो. पुतण्याच्या ओव्हनचं दुखणं एवढंच निघालं.

टायमर स्प्रिंगचा असेल तर दहा मिनिटांच्या आतली वेळ थेट लावू नका. आधी वीसच्या पुढे न्या, मग मागे आणा, नाहीतर स्प्रिंगला पुरता ताण बसत नाही आणि वेळ चुकते. आणि ओव्हन तापत असताना टायमर संपला तर आतले तापणारे रॉडही बंद होतात. आपण पीठ मळण्यात गुंग, आत ओव्हन गार होत चाललेला. असं आमच्याकडे किती वेळा झालं असेल देव जाणे. आता ही सतत चालूचा पर्याय वापरते आणि वेळ मोबाइलवर लावते.

तिसरं प्लगचं. १५०० वॅटचा ओव्हन २३० व्होल्टला साधारण साडेसहा अँपियर ओढतो. म्हणजे ६ अँपियरच्या लहान सॉकेटमध्ये ॲडॅप्टर लावून तो चालवणं चूकच. मोठ्या तीन भोकांच्या १६ अँपियरच्या सॉकेटलाच लावा आणि अर्थिंग आहे ना ते इलेक्ट्रिशियनकडून पाहून घ्या. प्लगची पिन काळवंडली असेल किंवा हाताला चटका बसत असेल तर भाजणं बाजूला ठेवा, आधी ते काम करा.

नॉबवरचा आकडा आणि आतला आकडा

ओव्हनमध्ये ठेवायचा काट्याचा थर्मामीटर काही शे रुपयांत मिळतो. माझ्याकडे मल्टिमीटरला लावायची थर्मोकपलची वायर होती, काचेच्या धाग्याचं वेष्टण असलेली, ती दाराच्या फटीतून आत सोडली. ती खरी बोलते का, हे आधी उकळत्या पाण्यात पाहिलं. इथे एक गंमत आहे. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर, त्यामुळे इथे पाणी १०० ला नाही, साधारण ९८ अंशांना उकळतं. मीटरनं ९८ दाखवलं म्हणून ही म्हणाली, "हाही बिघडलेलाच." तो बरोबर होता. जाता जाता सांगतो, उंचीवरच्या गावांसाठी सोडा आणि साखर कमी करायच्या ज्या सूचना फिरत असतात, त्या एवढ्याशा उंचीला लागू करायची गरज नाही.

मापताना लोक एक चूक करतात. ओव्हनवरचा दिवा (रॉड चालू असेतो तो लागलेला असतो) विझला की दार उघडून काटा बघतात, आणि दार उघडल्यावर जे तापमान पडतं तेच लिहून घेतात. काचेतूनच वाचा. आणि एकदा वाचून भागत नाही. थर्मोस्टॅट तापमान धरून ठेवत नाही, तो फक्त रॉड चालू-बंद करतो. तापमान वर चढतं, रॉड बंद होतात तरी ते आणखी थोडं चढतच राहतं, मग उतरतं, बरंच खाली आलं की रॉड पुन्हा लागतात. त्यामुळे दिव्याचे तीन फेरे जाऊ द्या, मग प्रत्येक फेऱ्यातला सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा आकडा लिहा आणि दोन्हींचा मध्य काढा.

आमचे आकडे असे आले: नॉब १८० वर असताना आत वर २१२, खाली १७८, मध्य १९५. नॉब १६० वर असताना वर १९२, खाली १६०, मध्य १७६. म्हणजे आमचा ओव्हन छापलेल्या आकड्यापेक्षा सरासरी पंधरा अंश जास्त तापतो. हिनं लगेच लाल नेलपॉलिश आणून नॉबभोवती खऱ्या १७० आणि १८० च्या जागी ठिपके दिले. सहा वर्षं ज्याच्यावरून वाद घातले ते दोन ठिपक्यांत मिटलं.

थर्मामीटर नसेल तर साखर आहे. साखर १८६ अंशांच्या आसपास वितळते. फॉइलची छोटी वाटी करून त्यात चमचाभर साधी दाणेदार साखर घाला, पिठीसाखर नको, कारण विकतच्या पिठीसाखरेत कॉर्नफ्लोअर असू शकतं. ओव्हन १७५ वर पुरता तापवून वाटी जाळीवर मधोमध पंधरा मिनिटं ठेवा. दाणे तसेच राहायला हवेत. मग नव्या साखरेनिशी तेच १९५ वर करा. आता वितळायला हवी. १७५ लाच पाक झाला तर ओव्हन जास्त तापतो, १९५ लाही दाणे कोरडे राहिले तर कमी. नेमका आकडा कळत नाही, पण काटा कुठल्या बाजूला खोटं बोलतो ते कळतं, आणि निम्मं काम तिथेच होतं.

आता दुसरी तक्रार, पहिला घाणा काळा आणि तिसरा पांढरा. याचं कारण मला मापल्यावरच उमगलं. मोठ्या ओव्हनमध्ये थर्मोस्टॅटची बारीक नळी आतल्या भिंतीला लावलेली दिसते. लहान ओटीजीत बहुधा तशी नळी नसते, नॉबच्या मागेच दोन धातूंची पट्टी असते, ती तापली की वाकते आणि रॉड बंद करते. म्हणजे ती मोजते नॉबच्या कप्प्यातली उष्णता, नानकटाईजवळची नव्हे. पहिल्या घाण्याला तो कप्पा गार असतो, म्हणून पट्टी उशिरा वाकते आणि रॉड जास्त वेळ पेटून राहतात. दोन-तीन घाणे झाले की कप्पाच तापतो, पट्टी लवकर वाकते आणि आतलं तापमान खाली सरकतं. नॉबला हात न लावता आमच्याकडे तिसऱ्या घाण्यापर्यंत दहा अंशांचा फरक पडत होता. उपाय साधा: तिसऱ्या घाण्यापासून नॉब दहा अंश पुढे. मोठा घाट असेल तर मध्ये वीस मिनिटं ओव्हनला, आणि करणारीलाही, विश्रांती.

ब्रेडचा नकाशा

मागेपुढे फरक पडण्याच्या तक्रारीला हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात चांगला उपाय. एका पुड्यातल्या सारख्या जाडीच्या स्लाइस घ्या. ट्रेवर नाही, थेट जाळीवर मांडा, सगळी जाळी भरेल अशा. आमच्या जाळीवर सहा बसल्या. ओव्हन पुरता तापवून १८० वर आठ-दहा मिनिटं ठेवा, मग त्या जशा होत्या तशाच क्रमानं ओट्यावर उतरवा आणि फोटो काढा. मग प्रत्येक स्लाइस उलटी करून आणखी एक फोटो. वरची बाजू वरच्या रॉडचा नकाशा सांगते, खालची बाजू खालच्या रॉडचा.

आमच्या नकाशात मागची डावी स्लाइस जवळजवळ काळी, मागची उजवी गडद, मधल्या सोनेरी आणि पुढच्या दोन पांढऱ्याफटक. पुढे पांढऱ्या का, हे उघड आहे: दाराला काच, तीही बऱ्याचदा एकेरी, आणि दाराच्या कडेनं वारा जातो. दार नीट मिटतं का ते कागदाची पट्टी फटीत धरून पाहा. मिटल्यावर पट्टी सहज ओढली गेली तर बिजागरी किंवा स्प्रिंग ढिली आहे.

खालची बाजू पाहताना मात्र मी थबकलो. स्लाइसच्या तळावर दोन गडद पट्टे, रॉड जिथून जातात बरोबर तिथे, आणि मध्ये फिकं. करपतं ते ओव्हनच्या हवेनं नाही, लाल झालेल्या रॉडच्या थेट झळीनं, हे त्या पट्ट्यांनी दाखवलं. शेकोटीसमोर बसलं की तोंड भाजतं आणि पाठ गार राहते, तशातलाच प्रकार. त्या स्लाइस पुढचे दोन दिवस चहात बुडवून संपवाव्या लागल्या, तेवढी किंमत मोजा.

नकाशात एक आख्खी बाजूच गार आली तर दिवे घालवून अंधार करा, ओव्हन चालू करा आणि तीन-चार मिनिटांनी काचेतून बघा. प्रत्येक रॉड मंद लाल दिसायला हवा. टोकं लाल होत नाहीत, ते ठीक आहे, रॉडची टोकं मुद्दामच न तापणारी ठेवलेली असतात. पण खालच्या दोनपैकी एक पूर्ण काळाच राहिला तर तो गेलेला आहे. शेजारच्या काकू वर्षभर पाककृती बदलत होत्या, त्यांच्या ओव्हनचा खालचा एक रॉड मेलेला निघाला. रॉड बदलून मिळतो, मात्र ते काम जाणत्या माणसाकडून करून घ्या. पंख्याचा ओव्हन असेल तर पंखा फिरतोय ना, हेही त्याच वेळी पाहा. आणि पंखा चालू असताना पाककृतीतल्या आकड्यापेक्षा पंधरा-वीस अंश कमी ठेवा.

बेकरीच्या भट्टीकडून उसनं घेतलेलं

आमच्या लहानपणी दिवाळीच्या आधी घरोघरी रवा, मैदा, तूप, पिठीसाखर डब्यात भरून बेकरीत न्यायचे. पंचवटीतून मी आणि थोरली बहीण जायचो, डब्याला नावाची चिठ्ठी चिकटवलेली. रांग लांब, उष्मा जबरदस्त, आणि भट्टीवाला लांब दांड्याच्या फळीवरून पत्रे आत सरकवायचा. तिथे ना नॉब, ना दिवा, ना थर्मोस्टॅट. तरी शंभर नानकटाया एकाच रंगाच्या.

कारण भट्टीच्या भिंती. जाड विटांमध्ये तासन्‌तास लाकडं जाळून उष्णता साठवलेली असते. जोराच्या आचेत पाव निघतात, मग भट्टी हळूहळू उतरत असताना नानकटाई आणि बिस्किटं. तेव्हा झळ मारणारा जाळ समोर नसतो, चारी बाजूंच्या विटा सारखी ऊब सोडत असतात. आपल्या ओटीजीच्या भिंती म्हणजे पातळ पत्रा. तो साठवून ठेवणार काय? दार उघडलं की सगळं बाहेर.

मग आत काहीतरी जड ठेवायचं. लोक पिझ्झाचा दगड विकत घेतात. आम्ही माळ्यावरचा बिडाचा तवा काढला. आधी तो कोरड्या फडक्यानं खसखसून पुसायचा, कारण त्यावर तेल मुरलेलं असतं आणि ओव्हनमध्ये धूर होतो. धूर आम्ही पाहून झालाय. तवा सगळ्यात खालच्या जाळीवर ठेवायचा, रॉडवर टेकवायचा नाही, आणि भोवती बोटभर तरी मोकळी जागा हवी. ओव्हनचा तळ फॉइलनं झाकण्याची आयडिया मात्र सोडून द्या, उष्णता कोंडून रॉड आणि पत्रा दोन्ही खराब होतात. तव्यानं दोन कामं होतात: रॉडची थेट झळ तो स्वतःवर घेतो आणि पसरवून वर सोडतो, आणि दार उघडल्यावर तापमान सावरायला मदत करतो. कुकरमध्ये तळाला मीठ पसरून केक करणाऱ्या आयांनी हेच केलं होतं, फक्त त्याला नाव दिलं नव्हतं.

दगड असो की तवा, तापायला वेळ द्यावाच लागतो. आधी आम्ही दहा मिनिटं तापवून ट्रे सारायचो. दहा मिनिटांत हवा तापते, भिंती नाही. त्यामुळे रॉड बंदच होत नाहीत, लालबुंद पेटून राहतात, आणि आत गेलेल्या पहिल्या घाण्याला झळ लागते. म्हणजे पहिला घाणा करपण्याचं अर्धं कारण थर्मोस्टॅटची पट्टी, तर उरलेलं अर्धं आमची घाई. आता पंचवीस मिनिटं, आणि दिवा तीनदा विझून लागल्याशिवाय ट्रे आत नाही.

ट्रेचंही बोलायला हवं. ओव्हनबरोबर आलेला काळा ट्रे या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत बसतो. गरम हवा वर यायला वाटच राहत नाही, त्यात काळा रंग झळ जास्त ओढून घेतो. भांडी बाजारातून ॲल्युमिनियमचा फिक्या रंगाचा, चारी बाजूंनी दोन-दोन बोटं जागा सुटेल असा ट्रे आणला. मला विचाराल तर, थर्मामीटरनंतर कशावर पैसे घालायचे असतील तर यावर. काळा नॉनस्टिकचा टिनच वापरायचा असेल तर तापमान दहा-पंधरा अंश खाली घ्या.

ट्रे मधल्या जाळीवर, म्हणजे पदार्थाचा मध्य ओव्हनच्या मध्याशी येईल असा. आणि वेळेच्या साधारण दोन-तृतीयांशावर ट्रे फिरवायचा, मागची बाजू पुढे. सतरा मिनिटांच्या नानकटाईला दहाव्या-अकराव्या मिनिटाला. दार उघडायचं, सांडशीनं ट्रे वळवायचा, दार बंद, दहा सेकंदांत. किती झालं ते बघत उभं राहायचं नाही. ही सवय मला सुटायला आठवडा लागला.

एक गोष्ट मात्र ओव्हनच्या माथी मारू नये. आमच्या नानकटायांचं वजन केलं तर कुठे १९ ग्रॅम, कुठे ३१. मग ओव्हन कितीही सुतासारखा असला तरी लहान आधी करपणारच. आता काट्यावर २५-२५ ग्रॅमचे गोळे होतात. पहिल्या दिवशी ही वैतागली, दुसऱ्या दिवशी स्वतःच काटा मागून घेतला.

संध्याकाळचं कोडं

एवढं सगळं झाल्यावर दुपारचे घाणे एकसारखे यायला लागले. मी जरा छाती फुगवून फिरत होतो. आणि शुक्रवारी संध्याकाळी पुन्हा फिक्या, पसरलेल्या नानकटाया. तोच नॉब, तोच तवा, तोच ट्रे, वजन केलेले गोळे.

ही म्हणाली, "संध्याकाळी असंच होतं. मी केव्हापासून सांगतेय." खरंच सांगत होती, आणि मी ते उन्हापावसाच्या गप्पांत मोडत होतो. मल्टिमीटर सॉकेटला लावला. दुपारी तीनला २२८ व्होल्ट होते, संध्याकाळी साडेसातला १९६. तेव्हाच सोसायटीच्या पाण्याची मोटर चालू होती आणि घरोघरी गिझर, मिक्सर, टीव्ही.

३२ व्होल्ट कमी म्हणजे काही फार वाटत नाही. पण रॉडची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. २३० ला १५०० वॅट देणारा रॉड १९६ ला जेमतेम १०९० वॅट देतो, म्हणजे पावपेक्षा जास्त उष्णता गेली. थर्मोस्टॅटचा आकडा यानं बदलत नाही, म्हणून काटा बघून काही कळत नाही. फरक पडतो तो वेगात. दुपारी चौदा मिनिटांत पहिल्यांदा विझणारा दिवा संध्याकाळी एकविसाव्या मिनिटाला विझला. ट्रे आत सारल्यावर पडलेलं तापमान भरून यायला तितकाच जास्त वेळ. तोवर नानकटाईतलं तूप वितळून ती पसरते, आणि कड धरायला हवी तेव्हा आच कमी पडते.

यावर स्टॅबिलायझर घ्यावा का, असं दोघांनी विचारलं. एवढा भार पेलणारा स्टॅबिलायझर मोठा, जड आणि महाग. केवळ नानकटाईसाठी मी घेणार नाही. वेळ बदला. दुपारी दोन ते पाच किंवा सकाळी मोटर सुरू व्हायच्या आधी. अगदीच संध्याकाळी करायचं असेल तर दिवा विझण्याचे तीन फेरे मोजा, घड्याळाची मिनिटं नाही. ट्रेमध्ये गोळे कमी ठेवा आणि ट्रे सारण्याआधी दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा, म्हणजे तूप पसरायला उशीर होतो. जानेवारीत फ्रीजची गरज पडत नाही, नाशिकच्या थंडीत ओट्यावरचं तूप तसंही दगड होऊन बसतं. तेव्हा उलट ते आधी नीट मऊ करून फेसायचं, नाहीतर मळताना गुठळ्या राहतात आणि त्या जागी नानकटाई फुटते.

केकची तक्रार वेगळी

केक मधून फुगतो, फुटतो, वरून काळा आणि आत ओला. लहान ओव्हनमध्ये याचं कारण बहुतेक वेळा वरचा रॉड. केक फुगत जातो तसतसा रॉडच्या जवळ जातो. आमचा अंदाज मनुकांवरून चालतो: पिंपळगावच्या मनुका वर पेरलेल्या असल्या की आधी त्या टम्म फुगतात, मग काळ्या पडतात. त्या काळ्या पडायला लागल्या आणि केक अजून हलत असेल तर वरची आच जास्त आहे. जाळी एक खण खाली घ्या, किंवा वेळेतला पहिला मोठा भाग फक्त खालचा रॉड चालवून शेवटी दोन्ही. वरून रंग आला आणि आत कच्चा असेल तर फॉइलचं सैल छत करून ठेवा, केकला चिकटू न देता.

कडा आधी घट्ट होतात म्हणून मधला भाग डोंगरासारखा वर येतो. जुन्या सुती साडीची चार पदरी पट्टी पाण्यात भिजवून, पिळून, टिनच्या बाहेरून गुंडाळायची आणि सेफ्टी पिन लावायची. पट्टीत पाणी आहे तोवर कडेची उष्णता उकळबिंदूच्या वर फारशी जात नाही, कडा उशिरा घट्ट होतात आणि केक सपाट येतो. पट्टी रॉडपासून लांब हवी, तीन-चार बोटं तरी, आणि सुती म्हणजे शंभर टक्के सुती. नायलॉनचा काठ असलेली साडी नको, हे सांगायला लागलं यावरून काय झालं असेल ते ओळखा.

केकचा टिन मात्र लवकर फिरवायचा नाही. चाळीस मिनिटांच्या केकला अठ्ठावीस-तीस मिनिटांच्या आधी दार उघडलं तर मध्य बसलाच म्हणून समजा.

कन्व्हेक्शनच्या मायक्रोवेव्हवाल्यांनी ब्रेडचा नकाशा आणि थर्मामीटर तेवढे घ्यावेत, बाकी त्यातली फिरती तबकडी मागेपुढचा फरक बराच मिटवते. काट्याचा थर्मामीटर आणि धातूची भांडी मायक्रोवेव्हच्या मोडवर चुकूनही आत ठेवू नका.

स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला कागद जसाच्या तसा उतरवतो. तुमचे आकडे वेगळे येतील, मापूनच घ्या.

नानकटाई. नॉब १५५ (खरे १७०). २५ मिनिटं तापवणे, दिवा तीनदा विझला पाहिजे. तवा खाली, ट्रे मधल्या जाळीवर. गोळा २५ ग्रॅम. दहाव्या मिनिटाला ट्रे फिरवणे, एकूण १७. तिसऱ्या घाण्यापासून नॉब १६५. संध्याकाळी ७ ते ९ बंद.

खाली हिच्या अक्षरात एक ओळ आहे: "तूप बरोबरच होतं."